मोडलेल्या साखरपुड्याचं जेवण

"टेबल रद्द करायचं नाही," यशश्री म्हणाली. "साखरपुडा मोडलाय. भूक मोडलेली नाही."

माझा भाऊ धनाजी हातात फोन धरून तसाच उभा राहिला. शनिवारी सकाळी साखरपुडा आणि संध्याकाळी सयाजीगंजातल्या अवंतीच्या इटालियन हॉटेलात दोन्ही घरच्या मंडळींचं जेवण, असं सगळं ठरलेलं. आणि गुरुवारी माझ्या ह्या भाचीने स्वतःच्या तोंडाने नकार कळवून टाकला. धनाजी तेव्हापासून दाढी न करता घरात फिरत होता.

"लोक काय म्हणतील?" पद्मावहिनी म्हणाली. "मोडलेल्या साखरपुड्याचा पिझा खातात म्हणतील."

"म्हणू देत. पिझा गरम असला म्हणजे झालं."

"आक्का, तुम्ही तरी सांगा हिला."

मी सांगितलं. म्हटलं, शनिवारी मी येते, माझ्यासाठी बिनलसणाचं काहीतरी सांगून ठेवा. वहिनीने माझ्याकडे असं पाहिलं, की पोरीला बिघडवणारी मीच.

तसं ते खरंही आहे. यशश्रीला कीर्तनाला पहिल्यांदा मीच नेलं. गुडघ्याएवढी होती. इतर मुलं पूर्वरंगातच पेंगायची, ही आख्यान संपेपर्यंत डोळे टक्क उघडे ठेवून बसायची आणि घरी येऊन पोळपाटावर उभी राहून लाटण्याची वीणा करायची. पुढे भास्करबुवांनी तिला शिकवलं. आता ती बाजव्याकडे एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते आणि एकादशीला आमच्या पेठेतल्या विठ्ठलमंदिरात नऊवारी नेसून कीर्तनाला उभी राहते. माझी पोर म्हणून नाही सांगत, पण तिने झांज वाजवली, की देवळातल्या समया जरा सरळ जळतात असं मला वाटतं.

लग्न मोडलं ते ह्या कीर्तनापायी. कसं, ते नीट सांगते, कारण बडोद्यात त्याच्या निराळ्याच गोष्टी फिरतायत.

कीर्तनकार एकदा नारदाच्या गादीवर उभा राहिला, की तो कुणाचा मुलगा उरत नाही, ती कुणाची लेक उरत नाही. आरती झाली, की लहानथोर सगळे पुढे येतात, कपाळाला बुक्का लावून घेतात आणि कीर्तनकाराच्या पाया पडतात. ऐंशीच्या आजोबांनी विशीतल्या पोरीच्या पाया पडायचं. कमीपणा कुणालाच वाटत नाही, कारण नमस्कार गादीला असतो. धनाजीसुद्धा दर एकादशीला लेकीपुढे वाकतो.

तर गेल्या एकादशीला तरसालीहून फत्तेसिंहराव आले होते. होणाऱ्या जावयाचे, प्रतापचे वडील. होणाऱ्या सुनेचं कीर्तन ऐकायचं म्हणून हौसेने आलेले, बरोबर बायको आणि प्रताप. पुढच्या रांगेत बसले. माना डोलावल्या. आख्यानात एकदा तर रुमाल डोळ्याला लावलेला मी ह्या डोळ्यांनी पाहिला. मग आरती झाली, रांग लागली, पुढे सरकत सरकत राव यशश्रीसमोर येऊन उभे राहिले. आणि ताठच राहिले. मागून कुणीतरी म्हणालं, "वाका की राव, रांग खोळंबलीये." रावांनी कसेबसे हात जोडले, बुक्कासुद्धा न लावता बाजूच्या दाराने निघून गेले. प्रसाद घेतला नाही.

बुधवारी निरोप आला. लग्नानंतर कीर्तन बंद. आमच्या घराण्यात सुना गादीवर उभ्या राहत नाहीत.

यशश्रीने प्रतापला फोन लावला. तो म्हणाला, दोन वर्षं थांब, बाबा निवळले की बघू. हिने रात्रभर विचार केला आणि सकाळी कळवलं, की मी थांबत नाही, तुम्हीही थांबू नका. झालं.

शनिवारी ती खाली उतरली ती साखरपुड्याचीच साडी नेसून. अंजिरी, जरीच्या काठांची.

"ही?" वहिनी दारातच अडली.

"बाबांनी घेतलेली आहे, त्यांनी नाही. कपाटात काय मोडलेली साडी म्हणून ठेवू?"

धनाजीने तेव्हा दाढी केली होती, हेही सांगायला हवं.

अवंतीचं हॉटेल म्हणजे एका जुन्या घराचा तळमजला. पाटी इटालियन आहे, पण रिक्षावाल्याला "पेली पीझावाळी बेन", म्हणजे ती पिझावाली बाई, एवढंच सांगितलं की तो नेऊन सोडतो. लाल-पांढऱ्या चौकड्यांची टेबलक्लॉथं, खिडकीत तुळशीच्या नात्यातल्या त्या इटालियन रोपट्याच्या कुंड्या, आणि स्वयंपाकघरातून येणारा भाजलेल्या टोमॅटोचा वास. अवंती मराठीच. नवऱ्याबरोबर काही वर्षं तिकडे राहिली, तिथल्या शेजारणीकडून रांधायला शिकली, आणि आता इथे जैन लोकांना बिनबटाट्याचं, आमच्यासारख्यांना बिनलसणाचं, असं ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे इटलीचं जेवण करून घालते.

दारापाशी खडूने लिहायचा फळा होता. त्यावर छान वळणदार अक्षरात "यशश्री आणि प्रताप". अवंतीच्या ते आम्ही आत आल्यावर लक्षात आलं. ती धावली.

"अगं बाई, पुसायचं राहिलं, थांब—"

"असू दे, मी पुसते." यशश्रीने फडकं घेतलं, "आणि प्रताप" पुसलं, आपलं नाव ठेवलं. "हं. आता बरोबर आहे. शेवटी जेवायला मीच आलेय."

शेजारच्या टेबलावर एक गुजराती जोडपं बसलं होतं, आमच्याच वयाचं. एकमेकांकडे पाहून ते पाणी प्यायले.

जेवण आलं. आधी भाज्यांचं दाटसर सूप, मग भोपळ्याचं सारण भरलेली रॅव्हिओली, मग एक मऊसर भात. मी पानातला पहिला घास बाजूला काढून पांडुरंगाला दाखवला. त्यालाही तेच तेच खाऊन कंटाळा येत असेल. धनाजीने भाताचा चमचा तोंडात घातला आणि विचारात पडला.

"हा तर गुरगुट्या भात. ताप आला की पद्मा करते तो."

"रिसोत्तो म्हणतात त्याला, बाबा."

"म्हणू देत. त्याच्याबरोबर मेतकूट हवं होतं."

यशश्री हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली. मी म्हटलं, चला, पोर सावरली. वहिनी मात्र जेवत नव्हती. रॅव्हिओलीचा एकच तुकडा काट्याने ताटभर फिरवत होती आणि सारखी दाराकडे बघत होती. का, ते दार उघडल्यावर कळलं.

फत्तेसिंहराव आत आले. मागून त्यांची बायको, हातात नारळ ठेवलेलं ताट, वर रेशमी रुमाल. त्यांच्या मागे प्रताप, नवा सदरा घातलेला.

यशश्रीने आईकडे पाहिलं.

"मीच फोन केला," वहिनी ताटाकडे बघत म्हणाली. "एकदा समोरासमोर बोलून घ्या म्हटलं. फोनवर माणसं जास्त ताठ होतात."

बसा, या, झालं. अवंतीने मुकाट्याने खुर्च्या लावल्या. राव बसले. उंच, देखणा माणूस, पांढऱ्या मिशा नीट कोरलेल्या. वाईट माणूस नाही, हे मी आजही म्हणेन. त्यांनी घसा साफ केला.

"धनाजीराव, आम्ही घरी बसून विचार केला. मुलीच्या अंगात गुण आहे, तो मारण्याचं पाप आम्हाला नको. तिने कीर्तन करावं. पुण्याला करावं, इंदूरला करावं, आम्ही गाडी करून पाठवू. फक्त बडोद्यात नको. जिथे आमचे पाहुणेरावळे बसतात तिथे नको. एवढं मान्य असेल तर हा नारळ घ्या आणि आत्ताच तोंड गोड करू."

धनाजीचा चेहरा असा उजळला, की मला त्याची दयाच आली. त्याचा हात नारळाकडे निघालासुद्धा.

"बडोद्यात का नको, काका?" यशश्रीने विचारलं.

"सांगितलं ना."

"पाहुणे बसतात म्हणालात. ते बसतात, ऐकतात, रडतातसुद्धा. मग अडचण कशाची?"

रावांनी मिशीवरून हात फिरवला. मग एकदम, मनात बरेच दिवस साठलेलं बोलल्यासारखे बोलले. "अडचण ही, की मला वाकावं लागतं. आमचे आजोबा दरबारात मुजरा करायचे, तो सरकारांना. मी साहेबाला वाकलो नाही, पुढाऱ्याला वाकलो नाही. सुनेच्या पाया पडू? उद्या घरात तिला पाणी आण म्हणायचं आणि एकादशीला तिचे पाय धरायचे?"

"माझे नाही धरायचे. गादीचे."

"गादीला पाय नसतात, पोरी. पाय तुझेच असतात."

हे मात्र खरं होतं. मी जन्मभर कीर्तनं ऐकत आलेय, पण हे कधी माझ्या मनात आलं नव्हतं.

"हो," यशश्री म्हणाली. "माझेच असतात. पहिल्यांदा बाबा वाकले ना, तेव्हा मला इतकी लाज वाटली, की मी झटकन पाय मागे घेतला. भास्करबुवा पाठीमागेच उभे होते. घरी जाताना मला म्हणाले, आज तू चोरी केलीस. मी म्हटलं, कसली? म्हणाले, नमस्कार देवाच्या गादीला चालला होता, तो मध्येच तू आपला समजलीस, म्हणून तर लाजलीस. पाय तिथेच ठेवायचा. लाज आली तरी ठेवायचा. त्यांचं वाकणं त्यांच्या देवाशी, तुझं उभं राहणं तुझ्या देवाशी."

"पण त्या दिवशी जरासा घेतला असतास मागे, तर काय बिघडलं असतं?" प्रतापची आई म्हणाली. आवाजात राग नव्हता, कळकळ होती. "एवढं तर कुणीही सुनेला सांगतं. लोक म्हणाले असते, पोर विनयाची आहे. ह्यांचाही मान राहिला असता. तू अशी टक लावून उभी राहिलीस, जशी काय वाटच बघतेयस."

"मावशी, मी वाट बघत नव्हते. मी आरतीनंतर तशीच उभी असते. सगळ्यांसमोर."

मग राव जरा पुढे वाकले. आवाज खाली आणला. माणूस खरंच मिटवायला आला होता.

"हे बघ यशश्री. बडोद्यात कर. त्याच देवळात कर. माझं काही म्हणणं नाही. फक्त रांगेत मी समोर आलो, की तू गादीवरून एक पाऊल खाली उतर. एकच. मी बुक्का लावून पुढे जाईन, तू पुन्हा वर जा. ना मी वाकलो, ना तुझं कीर्तन बंद झालं. आता तरी हो म्हण."

टेबलावर एकदम सैल वारं सुटल्यासारखं झालं. वहिनीने पदराने डोळे टिपले. प्रताप पहिल्यांदा वर बघून हसला. आणि खोटं कशाला सांगू, माझ्याही मनात आलं, की काय हरकत आहे? एक पाऊल. मुलगा चांगला आहे, नोकरी चांगली आहे, सासू मायाळू दिसते. पांडुरंग एवढं बघत बसणार आहे का?

"नाही," यशश्री म्हणाली.

"अगं!" वहिनी.

"यशू, एक पाऊल आहे," प्रताप म्हणाला. "एकच."

"तुला एक दिसतंय. मी काकांसाठी उतरले, की त्यांच्या मागे तुझे मामा असतील. त्यांचाही मान आहे. त्यांच्या मागे आणखी कुणी. मी रांगभर चढउतार करत बसू? आणि ज्याच्यासाठी उतरणार नाही, त्या रिक्षावाल्या सुभानरावांनी काय समजायचं? की आपल्यासाठी गादी आहे, आणि रावांसाठी नाही?" मग प्रतापकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तू वाकशील का रे?"

"मी?"

"तू. पुढच्या एकादशीला. नवरा म्हणून सोड, माणूस म्हणून."

प्रतापने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि वडिलांकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. वाईट वाटलं मला त्याचं. इतकी माणसं बसलेली, नवा सदरा घातलेला, आणि त्याला त्या एका क्षणी कुठे बघावं ते कळलं नाही.

"बरं," यशश्री म्हणाली. "कळलं."

राव धनाजीकडे वळले. "तुमचं काय म्हणणं, धनाजीराव? घरात शब्द बापाचा चालतो ना? का इथेही गादीचाच?"

हे बोलायला नको होतं. धनाजी माझा धाकटा भाऊ, मला त्याची मान ठाऊक आहे. लहानपणी कुणी चिडवलं, की आधी ती लाल व्हायची. आत्ताही झाली. त्याने नारळाचं ताट दोन्ही हातांनी उचललं, नीट, रुमालाला धक्का न लावता, आणि रावांच्या पुढ्यात ठेवलं.

"राव, माझे दोन्ही गुडघे गेलेत," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, मांडी घालू नका, वाकू नका. तरी मी दर एकादशीला वाकतो. उठताना कुणाला तरी हात द्यावा लागतो, कधीकधी हीच देते. तुमचे गुडघे तर धड दिसतायत."

"म्हणजे नाही म्हणता?"

"नाही ती म्हणाली. मी नुसतं नारळ कुणाचा ते सांगतोय."

राव उठले. रागावलेले, पण माणूस घरंदाज. खुर्ची सरकवून आत लावली, मला हात जोडले, "येतो आक्कासाहेब" म्हणाले. प्रतापची आई उठताना यशश्रीच्या पदराच्या काठाकडे बघून म्हणाली, "साडी छान आहे हो." बोलून झाल्यावर तिलाच ते कसंतरी वाटलं असावं, कारण ती भराभर बाहेर गेली. प्रताप दारात थांबला. मला वाटलं, परत येतोय. त्याने अवंतीला विचारलं, पार्किंगच्या पावतीचे पैसे इथे द्यायचे का. मग गेला.

दार लागलं. आम्ही चौघं. रिसोत्तो गार होऊन ताटाला चिकटलेला. मी टेबलाखाली यशश्रीचा हात धरला. गार पडला होता.

"मी बोलावलं त्यांना," वहिनी म्हणाली. "माझंच चुकलं."

"बोलावलंस ते बरं केलंस, आई. नाहीतर जन्मभर मला वाटत राहिलं असतं, की समोर बसून बोललो असतो तर जुळलं असतं. आता नाही वाटणार." तिने नाक ओढलं. "तू जेव आधी. दुपारपासून पोटात काही नाही तुझ्या."

अवंती न विचारता आली, गार ताटं उचलली, वाफाळती नवी आणून ठेवली आणि म्हणाली, "हे माझ्याकडून. आणि गोड काय आणू? का नको?"

"नको कशाला?" धनाजी म्हणाला. "आहे ते सगळं आण. आपण इथे जेवायला आलोय. काही घडलं नाही असं कोण म्हणतंय? चांगलं ढळढळीत घडलंय."

मग गोड आलं. कॉफीत भिजवलेल्या बिस्किटांचं आणि सायीचं ते काहीतरी, बिनअंड्याचं. आणि त्याबरोबर शेजारच्या टेबलावरचे गुजराती काका. त्यांना राहवेना. खुर्चीतच वळून म्हणाले, "बेन, खोटुं नहीं लगाडता, पण आ शेनी उजवणी छे?"

म्हणजे, राग मानू नका, पण हा सोहळा कशाचा. मी काहीतरी गुळमुळीत सांगणार होते, तेवढ्यात यशश्रीने मान वर केली.

"सगाई तूटी, काका. एनी." साखरपुडा मोडला, त्याचा.

मग काकूच बोलल्या, चमचा हातात धरून, अगदी ठाम. "तो सारुं थयुं ने! लग्न पछी तूटत तो?" बरंच झालं, लग्नानंतर मोडलं असतं तर काय केलं असतंत, असं त्यांचं म्हणणं. तोंड गोड करा म्हणे, "मीठुं मोढुं करो!"

आणि आम्ही सगळेच हसलो. वहिनीसुद्धा. यशश्री हसता हसता रडायला लागली. तिने रडणं पुसलं नाही, लपवलंही नाही. डोळ्यातून पाणी चाललंय आणि ही चमच्याने साय उचलतेय. अवंतीने आणखी दोन बशा आणून काका-काकूंपुढे ठेवल्या.

"पण तूटी केम?" काकांनी खाता खाता विचारलं.

"कीर्तन करते मी. देवळात. ते त्यांना नको होतं."

"कीर्तन? भजन जेवुं?"

"भजनही असतं, गोष्टही असते, हसवणंही असतं. येत्या एकादशीला या. संध्याकाळी असतं. भाषा कळली नाही, तरी कळतं."

"चोक्कस आवशुं," काकू म्हणाल्या. त्यांनी पत्ता विचारला, वहिनीने खुणांसकट सांगितला. देऊळ, वळण, फुलवाल्याचं दुकान, गाडी कुठे लावायची. सांगताना तिचा आवाज हळूहळू मूळ पदावर आला.

धनाजी बशी चाटूनपुसून साफ करत होता. तो मध्येच म्हणाला, "आणि एक सांगून ठेवतो हां काका. शेवटी वाकावं लागतं."

"शुं?"

"वाकवुं पडे. पगे लागवुं पडे." त्याने चमच्याने लेकीकडे खूण केली. "आने."

काकांनी यशश्रीकडे पाहिलं. अंजिरी साडी, रडून लाल झालेलं नाक, ओठाला लागलेली कॉफीची भुकटी.

"आ छोकरीने?"

"होय," यशश्री म्हणाली. "आणि मी पाय मागे घेणार नाही."